घटातली कांद्याची पात

"माती कुठाय?" मी विचारलं.

"पुण्याला गेली," आमचे हे म्हणाले.

सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसायचे होते. हे मागच्या दारी मोरीच्या कट्ट्यावर बसून चपला झटकत होते, आणि आवाज असा की माती पुण्याला कुणाच्या लग्नाला गेली आहे, दोन दिवस राहून येईल.

"गेली म्हणजे?"

"वरच्या फळीवर ठेवली होती. स्टँड आला, उतरलो. गाडी हलली, मग आठवलं."

"म्हणजे विसरलात."

"स्वारगेटची गाडी होती गं. एव्हाना शिरवळच्या पुढं गेली असेल."

गाडी कुठवर पोचली हे मला सांगून काय उपयोग होता, देव जाणे. तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला, "जयसिंग, आणली का रं माती?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि हा माणूस, जो लग्नात मंगळसूत्र बांधतानासुद्धा आपल्याला नीट गाठ मारता येत नाही हे खरं सांगून मोकळा झाला होता, त्याने उत्तर दिलं, "आणली, आक्का."

झालं. त्या एका शब्दानं पुढचे दहा दिवस माझा जीव टांगणीला लागला.

ह्याला चाळीस वर्षं झाली. आम्ही लोणंदला राहत होतो. घरात माणसं चार. हे, मी, सासूबाई आणि आक्का. आक्का म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांची थोरली बहीण. अकाली वैधव्य आलं म्हणून माहेरी परत आल्या आणि आल्या त्या घराच्या मालकीण होऊनच बसल्या. आमच्या सासूबाई, हौसाबाई, त्यांना वन्सं म्हणत. बाकी सगळी गल्ली आक्का म्हणे आणि घाबरे. सासूबाईंना मी आई म्हणायची. त्यांचं बोलणं म्हणजे एक "हं". भाजी आवडली तरी हं, दूध नासलं तरी हं. लग्नाला दीड वर्ष झालं तरी त्या माझ्या बाजूच्या आहेत की आक्कांच्या, हे मला कळलं नव्हतं. मी आपलं धरून चालले होते की त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत.

आता घटाचं सांगते. त्या घरात घट नुसता बसत नसे, निकाल द्यायचा. परडीत काळी माती पसरायची, त्यात सात धान्यं पेरायची, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा, आणि नऊ दिवसांत धान्य कसं उगवतं त्यावर वर्षाचे निर्णय. विहिरीला पाणी लागेल का, म्हैस घ्यावी का, सगळं घटावर. आमचं लग्नसुद्धा घटानंच ठरवलं होतं. त्या वर्षी गहू वीतभर आला होता म्हणे. नसता आला तर मी आज कुणाच्या घरी पोळ्या लाटत असते कोण जाणे.

आणि त्या वर्षी घटासमोर माझं प्रकरण होतं. लग्नाआधी मी शेती शाळेत वर्षभर माळीकाम शिकले होते. तेव्हा केलेल्या अर्जाला पितृपंधरवड्यात उत्तर आलं. गावाबाहेर दीड मैलावर सरकारी रोपवाटिका होती, तिथं सहायक म्हणून माझी नेमणूक झाली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. त्या कागदाची घडी मी इतक्या वेळा उघडली की मधोमध तो फाटायला आला. मला ती नोकरी हवी होती. साधी हवी नव्हती, पोटात दुखेल इतकी हवी होती.

हे म्हणाले, "मला चालेल." पण ह्यांना काय चालेल ह्याला त्या घरात किंमत नव्हती.

आक्का म्हणाल्या, "बाईमाणसानं सरकारी चिखल कशापायी तुडवायचा? आन् तुडवायचाच असंल तर घट सांगंल. दाट उगवला तर जा. इरळ उगवला तर त्यो कागद चुलीत."

आई म्हणाल्या, "हं."

म्हणून घटाची माती आपल्या वावरातलीच हवी, असा आक्कांचा हट्ट. बाजारात मातीच्या टोपल्या घेऊन बायका बसत, पण विकतच्या मातीचा घट आक्कांच्या लेखी मुका. म्हणून हे फलटण रस्त्यावरच्या वडगावी, चुलतभाऊ पोपटकडे गेले होते. शेत तोच कसत होता. ह्यांनी माती भरून घेतली माझ्याच पिशवीत, जिच्यावर मी माहेरी असताना हौसेनं सासरचं नाव आणि गाव रेशमानं भरलं होतं. आणि ती पिशवी आता स्वारगेटला निघाली होती.

"आता?" मी विचारलं.

बाजार उठला होता. वडगावची शेवटची गाडी गेली होती. हे जिन्याखाली वाकून बघत म्हणाले, "हे पोतं कसलं?"

"माझ्या लिलीची माती आहे. जुनी."

"मातीच आहे ना?"

माळीकाम शिकलेल्या बाईला ह्यापेक्षा मोठा अपमान नाही. माती ती माती म्हणणाऱ्या माणसाला मी सांगितलं असतं, पण वेळ नव्हता, म्हणून आता तुम्हांला सांगते. परसात माझ्या बारा कुंड्या होत्या. त्यातल्या चारांत गुलाबी लिली, पाऊस पडला की चार-आठ दिवसांत फुलणारी. शाळेतून निघताना मी तिचे कांदे पदरात बांधून आणले होते. वैशाखात कुंड्या कांद्यांनी गच्च झाल्या, तेव्हा त्या मी उपसल्या. अशी माती कुणी फेकून देतं. फेकायची नसते. तिच्यातला कस गेलेला असतो, पोत गेलेला नसतो. गच्चीवर पसरून कडक उन्हात आठ दिवस वाळवायची, चाळून मुळ्या-कांदे वेगळे करायचे, निंबोळीची पेंड आणि मुरलेलं शेणखत घालायचं, की झाली नवीन. मी सगळं केलं होतं. फक्त चाळायचं राहिलं होतं.

ते राहिलं ह्याला आक्का कारण. मी घरातली धान्याची चाळण घेऊन गच्चीवर बसले, पहिली पाटी चाळली, आणि मागं आक्का उभ्या.

"अन्नाची चाळण मातीत घालतीस? उद्या आमी खडं खायचं?"

चाळण जप्त झाली. आईंनी ती तीनदा धुतली आणि खुंटीला अडकवली. मी उरलेल्या मातीतले कांदे हातानंच वेचले. दिसले तेवढे. लसणीच्या पाकळीएवढी, तांदळाएवढी पिल्लं बोटांतून निसटतात, हे मला माहीत होतं. पण घरातलं पोतं, घरातच राहणार, कुठं जाणार आहे, म्हणून मी सोडून दिलं.

"रंग वेगळा दिसतोय गं," हे पोत्यात हात घालून म्हणाले. खरंच होतं. विटांचा चुरा आणि पालापाचोळा मिसळलेली ती माती तपकिरी होती, वावरातली काळी कुळकुळीत.

मग ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच एक युक्ती काढली. बंबाशेजारचे कोळसे खलबत्त्यात कुटले आणि मातीत कालवले. माती काळी झाली. ह्यांचा सदराही झाला.

एक कबूल करते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आनंद झाला. वावरातली ती चिकण माती, पाणी घातलं की चिखल, वाळली की ढेकूळ. माझी माती लोण्यासारखी मऊ. तिच्यात गहू असा उसळून येणार की आक्का बघत राहतील. घट निकाल देणार असेल तर घटाला चांगली माती द्यायला काय हरकत आहे, असं मी मनाला समजावलं.

सकाळी सोवळं नेसून ह्यांनी घट मांडला. माती पसरणं, धान्य पेरणं हे काम आईंचं. त्यांनी दोन्ही हातांनी परडीत माती सारखी केली, पाणी शिंपडलं, दाणे टाकले, वरून पुन्हा माती सारली. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. बोटं लुगड्याला पुसली.

"कशी काय माती?" आक्कांनी विचारलं.

"हं," आई म्हणाल्या.

माझा श्वास खाली आला.

दिवस आम्ही माळांनी मोजायचो. रोज घटावर एक फुलांची माळ चढते. तिसऱ्या माळेला गहू वर आला आणि आला तो असा की खाली माती दिसेना. आक्का चष्मा लावून परडीभोवती फिरल्या. म्हणाल्या, "एवढा दाट माझ्या जल्मात बघितला न्हाई." मी स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होते. तिथंच मनातल्या मनात मी रोपवाटिकेत पोचले. कुठलं लुगडं नेसून जायचं हेही ठरवलं.

चौथ्या माळेला सकाळी देवघरातून हाक आली.

"हौसा, हिकडं ये. शालन, तूबी ये."

आक्का परडीसमोर बसल्या होत्या आणि बोट दाखवत होत्या. गव्हाच्या गर्दीत, घटाला चिकटून, तीन जाड हिरव्यागार पाती उभ्या होत्या. गव्हापेक्षा वेगळ्या, गोलसर, चकचकीत.

"ह्ये काय हाय?" आक्का म्हणाल्या.

मी पाहिलं आणि ओळखलं. माझी लिली. पाच महिने कोरड्या पोत्यात झोपली होती आणि घटाचं पाणी पाझरताच जागी झाली होती.

"आमी लोणंदची माणसं," आक्का म्हणाल्या. "कांद्याच्या बाजारात जल्म गेला. मला कुणी शिकवाया नगं. ही कांद्याची पात हाय."

आता ज्यांच्या घरी घट बसतात त्यांना हे सांगायला नको, पण नवरात्रात घरात कांदा-लसूण चालत नाही. आमच्याकडे तर कांद्याची टोपली शेजारच्या इंदूताई देशमान्यांकडे नऊ दिवस मुक्कामाला जायची. आणि इथं साक्षात देवीसमोर, घटात, कांदा.

"उपटून टाकते," आक्का पुढं सरकल्या.

"वन्सं," आई म्हणाल्या. "दसऱ्यापतुर घटाला हात लावायचा न्हाई. तुमीच शिकवलंय मला."

आईंच्या तोंडून इतकी लांब वाक्यं मी प्रथमच ऐकली. आक्कांनीही बहुधा प्रथमच ऐकली. हात तसाच मागं घेतला.

"मग देवीम्होरं कांदा ठिवायचा?"

"हं."

आक्का भिंतीला टेकल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घटानं न्हाई सांगितलंय बग तुला. ह्याच्याहून सपष्ट काय सांगायचं त्यानं?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की तो कांदा नाही, लिली आहे. पण लिली म्हटलं की लिली आली कुठून. माती कुठली. वावरातली माती कुठं आहे. स्वारगेटला. माझी नोकरी त्या तीन पातींना लटकली होती, आणि मला माहीत असलेलं बोलता येत नव्हतं.

"कागद आणू का?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता, ते मी लपवलंही नाही.

"घट उठंपतुर निकाल लागत न्हाई," आई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पण आक्का स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी गुन्हेगार शोधला, तो पोपट. माती त्याच्या रानातली, म्हणजे कांदा त्याचा. ह्यांना समोर बसवून त्यांनी कार्ड लिहून घेतलं. "चि. पोपट यांस आशीर्वाद. घटात कांदा उगवला आहे. वावरात न विचारता कांदा लावल्याचा खुलासा करावा." कार्ड टाकू नका, असं मी ह्यांना हळूच म्हटलं, पण आक्का पोस्टाच्या पेटीपर्यंत त्यांच्यासोबत गेल्या.

संध्याकाळच्या आरतीला इंदूताई यायच्या. आक्कांनी पातींवर जास्वंदीची फुलं झाकली, पण आत काय आहे ते त्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. इंदूताईंनी नाक उडवलं. "तरीच म्हटलं आक्का, आल्यापासून उग्र वास येतोय."

लिलीला काडीचा वास नसतो.

मग शुद्धी सुरू झाली. दिवसातून तीनदा आक्का घटावर गोमूत्र शिंपडायच्या. कांदा जळून जावा म्हणून. लिलीला दुसरं काय हवं होतं? पाती बघता बघता वीतभर झाल्या. मी दुरून बघायची आणि म्हणायची, शिंपडा, आक्का, अजून शिंपडा.

कारण सहाव्या माळेला मला दिसलं होतं. पातींच्या मधून एक बारीक दांडा वर आला होता आणि त्याच्या टोकाला शाईच्या पेनाच्या निबाएवढी कळी. तांबूस.

मी ह्यांना मागच्या दारी गाठलं. "अहो, कळी आलीय."

"कुणाला?"

"लिलीला. दोन दिवसांत फुलेल."

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून वाढलं ना प्रकरण?"

वाढलं की सुटलं, ते मलाही कळत नव्हतं. मी देवघराची खिडकी उघडी ठेवायची, कळीला ऊन लागावं म्हणून. आक्का येऊन बंद करायच्या, दिवा विझेल म्हणून. मी पुन्हा उघडायची. दोन दिवस आमच्या दोघींचं एवढंच काम होतं.

आठव्या माळेला, सकाळी दहाच्या सुमारास, देवघरात एकदम शांत झालं. आक्कांचं पुटपुटणं थांबलं. मी आणि आई स्वयंपाकघरात होतो.

"हौसा," आक्कांची हाक आली, पण आवाज त्यांचा वाटेना. "कांद्याला गुलाबी फूल येतंय का गं?"

"न्हाई, वन्सं. पांढरं बोंड येतं."

"मग ह्ये काय हाय?"

आम्ही गेलो. हिरव्या गव्हाच्या वर, घटाच्या कडेला, सहा पाकळ्यांचं गुलाबी फूल उमललं होतं. मी शेकडो लिल्या पाहिल्या, पण अशी नाही पाहिली. नंदादीपाचा उजेड तिच्यावर पडला होता. खरं काय ते माहीत असून माझ्या अंगावर काटा आला.

आक्कांनी आईंकडे पाहिलं. "काय असंल?"

"मला काय कळतंय," आई म्हणाल्या. "तुमी बघा. तुमाला घटाचं कळतं."

आक्कांनी बघितलं. मग हळूहळू दोन्ही हात जोडले आणि जमिनीला कपाळ टेकलं. "आईसाहेब आल्या," म्हणाल्या. "आन् मी मेली गोमूत्र मारीत हुते."

तासाभरात गल्ली आमच्या दारात. नारळ, खण, ओट्या. इंदूताई सगळ्यांत पुढं. "मला तर चौथ्या माळेलाच सुवास आला होता," त्या येईल त्याला सांगत होत्या. आक्का देवघराच्या उंबऱ्यावर बसून हकिकत सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी फूल थोडं मोठं व्हायचं. संध्याकाळपर्यंत ते कमळ झालं होतं.

आणि मला बोचायला लागलं. दुसऱ्याचं खोटं मला सहन होत नाही, माझंही फार वेळ होत नाही. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. एकीनं आपल्या आजारी नातवासाठी नवस केला. माझ्या लिलीला. मी आईंना चुलीपाशी गाठलं.

"आई, मला काहीतरी सांगायचंय. ती माती आहे ना..."

"भगर करपंल," आई म्हणाल्या. "ढवळ."

मी ढवळलं. पुन्हा म्हटलं, "आई, ते फूल..."

"मीठ घातलंस का?"

घातलं होतं. त्यांनी चव बघितली, "हं" म्हणाल्या आणि गेल्या.

दसऱ्याला घट उठले. आक्कांनी स्वतःच्या हातानं गव्हाचा तुरा माझ्या केसांत खोवला. बायकांनी घर भरलं होतं. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "घटानं सांगितलंय. ह्या पोरीला फुलझाडाच्या कामाचं बोलावणं आलंय, आन् देवीनं गव्हात फूल दावलं. आमी कोण आडवं येणार? सोमवारी जाऊ दे तिला."

मी वाकून नमस्कार केला. उठले तर समोर, दारात, पोपट भावजी. एका हातात आपट्याची पानं. दुसऱ्या हातात माझी पिशवी.

ती लांबूनही ओळखू येत होती. लाल रेशमात ठळक अक्षरं, सौ. शालन जयसिंग धुमाळ, वडगाव. ह्यांनी पिशवी पाहिली आणि हे जागच्या जागी खाली बसले.

"सोनं घ्या, आक्का," पोपट म्हणाला. "आन् आधी सांगतो, आपल्या रानात कांदा न्हाई. ऊस हाय. उगं पोराबाळांत माझी अब्रू काढली कार्ड लिवून. आन् ही दादाची माती. यष्टीत इसरला हुता. कंडक्टरनं नाव वाचून वडगावच्या फाट्यावर आणून दिली. म्हणला, नुसती माती हाय, पर कुणाच्या तरी शरधेची असंल, टाकवंना मला."

आक्का उठल्या. पिशवीचं तोंड उघडलं. आत काळी कुळकुळीत, चिकण, वावरातली ढेकळं. एक ढेकूळ त्यांनी हातात घेतलं, वास घेतला. मग उठवलेल्या घटाच्या परडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या केसांतला तुरा मला मणाचा वाटायला लागला. सोमवार गेला, मी मनात म्हटलं. सोमवार गेला.

"मीच मागवली हुती, वन्सं," आई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात बायकांना पानसुपारी देत होत्या. मान वर न करता बोलल्या.

"तुळशीत भर घालायची हुती. घटाची आणाया गेला, तवाच एक पिशवी जास्तीची आण म्हणलं. ती इसरला हा खुळा."

आक्कांनी ढेकूळ हातात फिरवलं. दारात पन्नास बायका. त्यातल्या प्रत्येकीला त्यांनी स्वतःच्या तोंडानं देवी आल्याचं सांगितलं होतं, काहींना दोनदा. त्यांनी आईंकडे बघितलं. आईंनीही ह्या वेळी मान वर केली आणि बघितलं.

"हं," आक्का म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग ढेकूळ पिशवीत टाकून म्हणाल्या, "तर घाला की तुळशीत. दारात काय ठिवलीया? आन् पोपट, तू जेवाया बस."

सोमवारी सकाळी मी निघाले. आक्का पोथी वाचत होत्या. मान वर केली नाही, पण पोथी उलटी धरली होती. आई मागच्या दारी डबा घेऊन उभ्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"काळ्या मातीनं हात काळं होत न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "चिकटती ती बोटाला. काळं कोळशानं होतात."

मी डबा घेऊन पिशवीत ठेवत होते, तशीच थांबले. "म्हणजे तुम्हांला पहिल्या माळेपासून..."

"हं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आईंनी पदर सारखा केला. "बत्तीस वर्सं मी बोलतीया. वन्संनी माझं कदी ऐकलं न्हाई. म्हणलं, घटाचं तरी ऐकतील." मग म्हणाल्या, "मलाबी शाळंत मास्तरीण व्हायचं हुतं. त्या साली गहू इरळ आला."

मी त्यांचा हात धरला, तोही त्यांनी फार वेळ धरू दिला नाही. आत गेल्या आणि खुंटीवरून काहीतरी काढून आणलं. तीच धान्याची चाळण. पदरानं पुसली आणि माझ्या पिशवीत, डब्याशेजारी, उभी खोचली.

"घरात दुसरी आणू. ही तुझी," त्या म्हणाल्या. "फुडल्या साली माती चाळून घे."

बत्तीस वर्षं मी त्या रोपवाटिकेत काम केलं. चाळणीची जाळी दोनदा बदलली. जुन्या कुंड्यांची माती दरवर्षी उन्हात वाळवून तिच्यातूनच चाळते, एक तांदळाएवढा कांदा सुटत नाही. घट आता माझ्या हातचे. सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली आहे आणि सूनबाई कुठलासा कागद घेऊन माझ्याभोवती घुटमळते आहे, विचारायचं धाडस होत नाही तिला. घटाची माती मी परातीत काढून ठेवली आहे. ती तेवढी चाळलेली नाही.